ओळंबा आणि गुण्या

आमच्या गल्लीत दार अडकलं की लोक देवाच्या आधी माझ्या मामाचं नाव घेत. नाव म्हणजे टोपणनाव. खरं नाव काय, ते आठवायला मामीलासुद्धा क्षणभर थांबावं लागे. मामा सुतार होता, काखेत कायम लाकूड तासायचा रंधा असे, आणि लहानथोर सगळे त्याला रंधामामा म्हणत. त्याच्याहून वयाने मोठे असलेले शेजारचे आजोबाही "रंधामामा, जरा येऊन जा हो," अशी हाक मारायचे आणि मामा त्यांना "आलोच, भाचेबुवा," असं उत्तर द्यायचा.

अंगाने काडीसारखा, पण आवाज असा की तो घरात कुजबुजला तर गल्लीच्या टोकाला बातमी. राग नाकाच्या शेंड्यावर. आणि उजव्या हाताचा अंगठा सतत कशावरून तरी फिरत असायचा. टेबल असो, ताट असो, भिंत असो, अंगठा फिरवल्याशिवाय वस्तू त्याला पटायची नाही. मी जन्मले तेव्हा म्हणे त्याने माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि "काम साफ आहे," असा निकाल दिला. माझे वडील गवंडी. मामाने त्यांच्या कामाची केलेली ही एकमेव स्तुती, असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगत.

मी हे मामाचे उपकार फेडायला लिहीत नाही. ते फिटणारे नाहीत, आणि फेडलेले त्याला आवडलेही नसते. पण ते काय होते हे कुणीतरी नीट सांगायला हवं. त्याच्याबद्दल बोलायला बसलं की लोक खिडकीचा किस्सा सांगतात, हसतात आणि उठतात. खिडकीचा किस्सा मीही सांगणारच आहे, पण तिथे थांबणार नाही.

बाबा आणि मामा आधी दोस्त होते, नातेवाईक नंतर झाले. एक भिंती उभारायचा, दुसरा दारं-खिडक्या बसवायचा. एका कामावर भेटले, एकाच डब्यात जेवू लागले आणि मामाने सरळ आपली धाकटी बहीणच मित्राला देऊन टाकली. लग्नानंतर आजीने दटावलं, की जावयाला अरे-तुरे करायचं नाही. तेव्हापासून दोघं चारचौघांत "भावजी" आणि "मेव्हणे" म्हणू लागले, आणि एकटे असले की परत "अरे गाढवा"वर यायचे.

गल्लीतली बहुतेक घरं या दोघांच्या हातची. चढावरची गल्ली, मध्यावर कोपर वाकवल्यासारखी वळणारी. वळणाच्या वरच्या घरांची तोंडं एकीकडे, खालच्या घरांची दुसरीकडे. आमचं घर वरच्या ओळीत. ओळीच्या टोकाला वाचनालय, तेही यांनीच बांधलेलं. घरं नवी होती तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग हळूहळू वरच्या ओळीतली दारं अडकायला लागली. चौकटी जणू कंबरेत आत आल्या. खालच्या ओळीत उलटाच प्रकार: तिथे दार आणि चौकट यांच्यात फट पडायला लागली, इतकी की कडी लावली तरी खुंटीपर्यंत पोचेना. गवंडी तोच, सुतार तोच, लाकूडही एकाच वखारीतलं.

बाबांचं म्हणणं, लाकूड ओलं होतं. वर दमट होतं म्हणून फुगलं, खाली वाळलं म्हणून आक्रसलं. मामाचं म्हणणं, पाया खचलाय. वर भिंती आत झुकल्या, खाली बाहेर फाकल्या. दोघांकडेही दोन्ही ओळींसाठी उत्तर तयार होतं, आणि दोन्ही उत्तरांत दोष दुसऱ्याचा होता. तोवर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. आई म्हणायची, "भांडा, पण जेवून भांडा."

मग तो खिडकीचा दिवस आला. वाचनालयात कसलीशी सभा होती, हॉल भरलेला. सभा संपली आणि दार उघडेना. ओढलं, ढकललं, लाथा मारल्या. दार आपलं हट्टाला पेटलेलं. शेवटी एकेकाला खिडकीतून बाहेर काढलं. अध्यक्ष तब्येतीने भारदस्त होते. त्यांना आतून चार जण ढकलत होते आणि बाहेरून चार जण ओढत होते. ते मध्येच अडकले आणि तिथूनच "दोषी कोण ते मला आजच कळलं पाहिजे," असं म्हणाले.

मामाला बोलावलं. दार त्याचं, म्हणून आधी सगळ्यांची नजर त्याच्यावर. राग तर नाकावरच होता. त्याने पिशवीतून गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं सुताराचं हत्यार. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तो गुण्या लावला आणि सगळ्यांना फट दाखवली. "कोपरा काटकोनात नाही. पाया खचलाय. दाराला काय विचारता, भिंतीला विचारा."

बाबा मागे उभे होते. ते पुढे झाले आणि त्यांनी आपला ओळंबा काढला. दोरीला टांगलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे की कललेली ते सांगणारं. ओळंबा भिंतीला लावला, दोरी स्थिर झाली, भिंत अगदी सरळ होती. "पाया खचला असता तर भिंत कलली असती," बाबा म्हणाले. "बघा ना. जरा बघा तरी." पण अडकलेलं दार सगळ्यांना दिसत होतं, आणि दोरीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मामानेही पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर गल्लीत आणि आसपास बाबांना कुणी बांधकाम दिलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, लोक चांगले होते. फक्त "यंदा नको, पुढे बघू," म्हणायचे. बाबा लांबच्या कामांवर दुसऱ्याच्या हाताखाली जाऊ लागले. ज्या माणसाने कोपऱ्याकोपऱ्याला आपल्या हाताची भिंत उभी केली होती तो त्याच भिंतींच्या कडेने मान खाली घालून बसस्टॉपवर जायचा. त्यांनी मामाशी बोलणं टाकलं. मामाच्या दिशेने बघणंही टाकलं. कधी समोरासमोर आलेच तर "कसं काय, मेव्हणे," इतकं मऊ बोलायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

आणि आमचं दार अडकायचं थांबलं नव्हतं.

इथे मामाची खरी ओळख सुरू होते. दार खांदा लावून ढकलावं लागायला लागलं, की एखाद्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर मामा मागच्या बोळातून यायचा. आई काही न बोलता बाजूला व्हायची. तो दार बिजागऱ्यांतून उतरवायचा, आडवं टाकायचा आणि मी एक टोक धरायची. मग रंधा सुरू. किती तासायचं ते तो मोजायचा नाही. अंगठा फिरवायचा, थांबायचा, परत रंधा घ्यायचा. कधी रंधा माझ्या हातात द्यायचा आणि माझ्या हातावर हात ठेवून चालवायचा. "दाबू नकोस. लाकूड स्वतःच सांगतं कुठे जास्त आहे." दार परत चढवून झालं की तो खाली बसून कीस गोळा करायचा. लाकडाची एक ढलपी उंबऱ्याच्या फटीत राहिली तरी बोटाने उकरून काढायचा. बाबांना कळू नये म्हणून.

संध्याकाळी बाबा आले की दार बोटाच्या टोकाने उघडायचं. ते आत यायचे, चपला काढायचे आणि हात धुवायला जायचे. एक शब्द नाही.

अशी वर्षं गेली. मी कॉलेजात होते तेव्हा एका सकाळी बाबांनी सांगितलं, की आपण गाव सोडतोय. त्यांचे थोरले भाऊ दुसऱ्या शहरात होते, तिथे काम होतं, आणि मुख्य म्हणजे तिथे त्यांच्या भिंतींची कीर्ती पोचलेली नव्हती. "इथे मला सगळे चांगले म्हणतात आणि थापी कुणी हातात देत नाही," ते म्हणाले. आईचं माहेर म्हणजे एकटा मामा, आणि तो तीन घरं सोडून. तरी दुसऱ्या दिवसापासून ती भांडी बांधायला लागली. मामाला तिने एवढंच सांगितलं, "जायच्या आधी दारावरून एकदा रंधा फिरवून जा. नव्या माणसांना त्रास नको."

मामाने मान हलवली. पण तो दार तासायला आला नाही. दार तासलं की जाणं पक्कं होणार, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं.

त्याच सुमारास भेगाबाई आली. ती भूशास्त्र शिकवणारी बाई, चांगली शिकली-सवरलेली, पण उन्हातान्हात हातोडी घेऊन रस्त्यावर उकिडवी बसायची, म्हणून गल्लीने तिचं नाव भेगाबाई ठेवलं. आमच्या रस्त्यावर डांबराला भेगा पडायच्या. सरळ नाही, तिरक्या, एक संपते तिथून थोडी बाजूला दुसरी सुरू. नगरपालिकेची माणसं त्या भरून जायची, आणि परत त्या तिथेच, तशाच तिरक्या. बाई त्या भेगांवर खडूने खुणा करायची. तिने मामाला फूटपाथच्या कडेपाशी नेलं. ती कड एका जागी चक्क तुटून बाजूला सरकली होती.

"इथे उभे राहा," ती म्हणाली. "पलीकडची कड कुठे गेलीय?"

"उजवीकडे."

"आता पलीकडे जाऊन इकडे बघा."

मामा गेला. बघितलं. "आता इकडची उजवीकडे गेलीय."

"जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासत बाजूबाजूने सरकतायत. आम्ही त्याला भ्रंश म्हणतो. तुमची गल्ली त्यावरच आहे."

मामाला काही ते पटलं नाही. फूटपाथ ठेकेदाराने वाकडा बांधला, हे त्याचं मत पक्कं होतं. घरी येऊन त्याने आईला गंमत म्हणून सांगितलं, की बाई म्हणते, ज्या बाजूला उभं राहावं तिथून दुसराच सरकलेला दिसतो. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "हे सांगायला एवढ्या लांबून बाई कशाला यायला हवी. मी रोज बघते."

बाईला गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत चर खणायचा होता, माणूस उभा राहिला तरी डोकं दिसणार नाही इतका खोल. कडा ढासळू नयेत म्हणून आतून फळ्या आणि टेकू लागणार होते. म्हणजे सुतार लागणार होता. मामा कामावर लागला तो कुरकुरतच. "जमीन खणून भेगा बघतायत. माझ्याकडे या म्हणावं, घरोघरी दाखवतो."

एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले. मामा चरात खालीच होता, बाई त्याच्या शेजारी. मीही शिडीने उतरले. आत गारवा होता. एका बाजूला काळा कठीण खडक, दुसऱ्या बाजूला पिवळसर माती, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर रुंदीचा करडा पट्टा, वरपासून खालपर्यंत. बाईने त्यातला गोळा काढून मामाच्या हातावर ठेवला. मामाने तो चोळला. हाताला तेलकट, मऊ.

"ही चिकणमाती."

"हाही खडकच होता," बाई म्हणाली. "इथे इतकं घासलं गेलंय, की त्याचं पीठ झालं. जरा बाजूला बघा, तिथे तो फुटलाय, पण मुठीएवढे तुकडे शिल्लक आहेत. आणखी लांब फक्त तडे. त्याच्याही पलीकडे काही झालेलंच नाही. सगळी झीज या एवढ्या पट्ट्यात."

"आणि खाली?"

"खूप खोल गेलं की खडक तापलेला असतो. तिथे तो फुटत नाही, कणकेसारखा ताणला जातो. वर मात्र घासतो आणि तुटतो. इथे पीठ मऊ आहे, म्हणून थोडंथोडं सरकत राहतं. जिथे खडक कठीण तिथे तो अडकून बसतो, काही हलत नाही, आणि मग एकदम सुटतो. तो भूकंप."

मामा ऐकत होता, पण त्याचे डोळे काळ्या खडकाकडे होते. बाईने ब्रशने तिथलं पीठ झाडलं होतं आणि खाली खडकाचा पृष्ठभाग चमकत होता, पॉलिश मारल्यासारखा. मामाचा हात आपोआप गेला. अंगठा त्या चकाकीवर टेकला.

"रेघा आहेत," तो म्हणाला.

"आहेत."

"रंध्याच्या पात्याला खाच पडली की लाकडावर अशीच रेघ उमटते. रंधा जिकडे गेला तिकडे रेघ." त्याने अंगठा वरून खाली फिरवला. अंगठा खरखरला, अडखळला. त्याने परत केलं. तेच. त्याच्या कपाळाला आठी पडली. इतकी वर्षं त्याच्या मनाने जमीन खाली खचत होती. रेघा वरून खालीच असायला हव्या होत्या. मग त्याने अंगठा आडवा फिरवला आणि तो लोण्यावरून जावा तसा सरकत गेला.

"आडव्या आहेत," मामा म्हणाला.

"हो. इथे काही खाली गेलेलं नाही."

"खचलं नाही?"

"खचलं नाही. बाजूला सरकलं."

मामाने खडकावरचा हात काढला नाही. मग त्याने बाईला विचारलं, की दारं वर अडकतात आणि खाली फट पडते, हे कसं. बाईने काडीने जमिनीवर एक रेघ ओढली, त्यावर तिरकी वरची ओळ काढली आणि उलट्या अंगाने तिरकी खालची. "जमीन अशी सरकली की ही भिंत दाबली जाते आणि ती ताणली जाते. जागा तीच, सरकणं तेच. तुमच्या घरांची तोंडं वेगळी आहेत, एवढंच. भिंत उभी सरळ आहे का?"

मी मामाकडे बघत होते. मला माहीत होतं, हा प्रश्न त्याला याआधी एकदाच विचारला गेला होता, आणि तेव्हा त्याने मान वळवली होती.

"ओळंब्यात आहे, असं भावजी म्हणाले होते," तो म्हणाला.

"आणि कोपरा?"

"काटकोनात नाही."

"मग दोन्ही बरोबर. आडवं सरकल्यावर असंच होणार."

मामाने खडकावरचा हात काढला. डबा तसाच राहिला. मी "मामा, जेव तरी," म्हटलं, तर तो शिडी चढला आणि चालायला लागला. हातापायाला करडं पीठ तसंच. मी डबा घेऊन मागे धावले.

घरी बाबा होते. ट्रक ठरला होता, सामान बांधणं चाललं होतं. खिडकीच्या दिवसानंतर मामा पहिल्यांदाच बाबा घरात असताना पुढच्या दाराने आला, आणि दार अर्थातच अडकलं. त्याने खांदा लावला आणि धाडकन आत पडला.

बाबांनी दोरीला गाठ मारता मारता आईला सांगितलं, "पाहुणे आलेत."

"भावजी, ओळंबा कुठे आहे?"

"बांधला."

"सोडा."

बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, त्यांनी हत्यारांचं गाठोडं सोडलं आणि ओळंबा काढून दिला. मामाने तो आमच्या भिंतीला लावला. वजन हललं, फिरलं, शांत झालं. आम्ही सगळेच त्या दोरीकडे बघत होतो.

"भिंत ओळंब्यात आहे," मामा म्हणाला.

"हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा मी बघितलं नाही. पाया खचला म्हणालो, चार लोकांत म्हणालो. काहीही खचलेलं नाही. जमीनच आडवी सरकतेय, आत्ता हात लावून आलो. तुझं काम साफ होतं, रे. पहिल्यापासून साफ होतं."

बाबा बांधलेल्या ट्रंकेवर बसले. "मग लाकूडही ओलं नव्हतं."

"नव्हतं."

"मीही गावभर तेच सांगत फिरलो."

"आणखी एक," मामा म्हणाला. "आता आलोच आहे तर सांगून टाकतो. तू नसताना मी इथे यायचो. दार तासायला."

बाबा हसले. त्या घरात ते हसणं किती दिवसांनी ऐकलं, मला आठवेना. "मला काय माहीत नव्हतं? दार आपोआप मोकळं होतं का, गाढवा? दार घासायला लागलं की सकाळी ‘आज मला यायला उशीर होईल’ असं मी बोंबलून सांगायचो, ते कुणाला ऐकू जावं म्हणून? काम केव्हाच सुटलेलं असायचं. नाक्यावर बसायचो, गार झालेला चहा पोटात ढकलत. तू मागच्या बोळातून बाहेर पडलेला दिसलास की घरी यायचो."

मामाने आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाला.

"मला दोघांचंही माहीत होतं," ती म्हणाली. "आणि हे बांधलेलं सगळं मी सोडणार नाही. तुमचं तुम्ही सोडा."

दोघांनी मिळून सोडलं. ट्रकवाल्याला निरोप गेला.

मामाचं तेवढ्यावर भागलं नाही. चार लोकांत बोललो ते चार लोकांतच परत घेणार, असं त्याने ठरवलं. वाचनालयाच्या पुढच्या सभेत तो उभा राहिला. एका हातात गुण्या, दुसऱ्या हातात बाबांचा ओळंबा. भिंतीला ओळंबा लावला, कोपऱ्यात गुण्या लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. राहिलेलं बाईने समजावलं. अध्यक्ष बराच विचार करून म्हणाले, "म्हणजे मला खिडकीतून काढलं, त्यात दोष कुणाचाच नाही?"

"थोडा तुमचा आहे," मामा त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाला.

हॉल हसत होता तेव्हा बाबा मागच्या मागे बाहेर गेले. मी बघायला गेले, तर ते नळावर तोंड धूत होते. तोंड केव्हाच धुऊन झालं होतं, तरी धूत होते.

बाईचे मी आजही आभार मानते. ती नकाशावर रेघ आखायला आली होती, आणि जाताना माझ्या वडिलांचं नाव परत देऊन गेली. तिच्या त्या रेघेमुळे नवं वाचनालय बाजूला, न सरकणाऱ्या जमिनीवर बांधायचं ठरलं. भिंती बाबांनी उभ्या केल्या, दारं मामाने बसवली, आणि तिच्या सांगण्यावरून सगळी बाहेर उघडणारी. अध्यक्षांनी उद्घाटनाच्या दिवशी दार स्वतः उघडून, स्वतः बंद करून, परत उघडून पाहिलं.

आमचं जुनं घर मात्र तिथेच आहे आणि त्याचं सरकणंही चालूच आहे. फरक एवढाच पडला, की पुढे दार तासायचं असलं की बाबा घरीच थांबायचे. एक टोक ते धरायचे, दुसरीकडे मामा. मला कुणी जवळ फिरकू देत नसे. "सरळ धर," "सरळच आहे, तुझा रंधा वाकडा," असं चालायचं, आणि कामापेक्षा भांडणाला जास्त वेळ लागायचा. मी उंबऱ्यावर बसून ते ऐकायची. मला आयुष्यात मिळालेल्या सुखांत ते वरच्या रांगेत आहे. मामा नसता तर मला ते कुठून मिळालं असतं? तो आपला शब्द धरून बसला असता, तर बाबा दुसऱ्या शहरात मान खाली घालून म्हातारे झाले असते, आणि आई भावाच्या आठवणीने. चूक झाली हे अंगठ्याला कळलं त्या क्षणी तो शिडी चढला. जेवायलासुद्धा थांबला नाही. मी त्याची फार ऋणी आहे.

मामा गेल्या हिवाळ्यात गेला, झोपेत. रंधा मामीने माझ्याकडे दिला.

काही महिन्यांनी दार घासायला लागलं. आधी थोडं, मग खांदा लावण्याइतकं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. एका सकाळी बाबा चहा पिऊन उठले. काम सोडून त्यांना कितीतरी वर्षं झालीत, आता चालतात तेही काठी टेकत. त्यांनी चपला घातल्या, दार मुश्किलीने उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आज मला यायला उशीर होईल."

आणि ते नाक्याकडे निघून गेले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दार उतरवलं, आडवं टाकलं, आईने एक टोक धरलं. मी दाबलं नाही. अंगठा फिरवत गेले, जास्त होतं तिथे थांबत गेले. दार चढवून होईतो ऊन कलायला आलं होतं. मी कीस गोळा करत होते, तेवढ्यात बाबा आले. त्यांनी दार बोटाने ढकललं, ते उघडलं. परत लोटलं, परत उघडलं. मग त्यांची नजर खाली गेली. उंबऱ्याच्या फटीत थोडा कीस अडकून राहिला होता. मी तो उकरायला वाकले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता कुणापासून लपवायचंय."